एका वचनाचे दोन अर्धे

धर्मग्रंथातले वचन माणूस क्वचितच पुरते वाचतो. सोयीचा अर्धा भाग तोंडपाठ करतो आणि उरलेला पोथीतच ठेवून देतो. पण एकाच वचनाचे दोन अर्धे दोघांनी वाटून घेतले, तर त्यांतून एकमेकांच्या अगदी उलट अशा दोन रीती उभ्या राहू शकतात. हे माझे तर्कट नव्हे. अमेरिकेतल्या दोन खाजगी ख्रिस्ती शिक्षणसंस्थांच्या इतिहासात हे खरोखर घडले आहे.

बायबलच्या नव्या करारात ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक आहे. त्याच्या सतराव्या अध्यायात संत पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे बोलतो. त्या भाषणातल्या सव्विसाव्या वचनाला दोन भाग आहेत. पूर्वार्धाचा आशय असा, की देवाने पृथ्वीवरची सगळी राष्ट्रे एकाच रक्तापासून घडवली. उत्तरार्धाचा आशय असा, की त्या राष्ट्रांचे काळ आणि त्यांच्या वस्तीच्या सीमाही त्यानेच ठरवून दिल्या. केंटकी राज्यातल्या बेरिया कॉलेजने पूर्वार्ध आपले ब्रीद केला आणि गुलामगिरीच्या मुलखात काळ्या-गोऱ्या मुलांना एका वर्गात बसवले. दक्षिण कॅरोलिनातल्या बॉब जोन्स विद्यापीठाच्या संस्थापकांनी उत्तरार्ध हाती धरला आणि वंशांनी वेगळे राहावे हीच देवाची योजना, असे सांगितले. पुढे दोन्ही संस्था सरकारशी भांडत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. दोघींचे म्हणणे थोड्याफार फरकाने एकच होते: संस्था आमची, श्रद्धा आमची, तेव्हा कोणाला कसे शिकवायचे ते आम्ही ठरवू. आणि दोन्ही हरल्या.

सीमाभागातल्या एका मराठी हायस्कुलाचा मुख्याध्यापक दिवाळीच्या फराळाबरोबर हे असले परके पुराण का वाढतो आहे, असे वाचकांना वाटेल. कारण एवढेच, की ‘आमची संस्था, आमचा निर्णय’ हे वाक्य आपल्या भागात सतत कानांवर पडते. आपणही ते उच्चारतो. कधी ते न्यायाच्या बाजूचे असते, कधी अन्यायाच्या. कोणत्या वेळी ते कोणत्या बाजूचे आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न मला बरीच वर्षे छळतो आहे. आणि या दोन संस्थांच्या गोष्टीइतकी त्या प्रश्नाची स्वच्छ मांडणी मला दुसरीकडे सापडली नाही.

आधी बेरियाची गोष्ट. जॉन फी हा केंटकीतल्याच गुलाम बाळगणाऱ्या घराण्यातला मुलगा. धर्मशास्त्र शिकताना त्याचे मन पालटले आणि तो गुलामगिरीचा उघड विरोधक झाला. कॅशियस क्ले नावाच्या जमीनदाराने दिलेल्या जागेवर त्याने वस्ती केली आणि १८५५ साली तिथे एका खोलीची शाळा सुरू झाली. हीच बेरियाची सुरुवात. १८५९ साली जॉन ब्राऊनने हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावर हल्ला केला, तेव्हा गुलामांच्या मालकांत घबराट पसरली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फी व त्याचे सहकारी यांना शस्त्रधारी जमावाने परगण्याबाहेर घालवले. यादवी युद्ध संपल्यावर ही माणसे परतली. १८६६ साली कृष्णवर्णीय मुले वर्गात येऊन बसली, तेव्हा काही गोरे विद्यार्थी उठून चालते झाले. शाळा मात्र बंद पडली नाही. १८६६-६७ च्या नोंदींत एकूण १८७ विद्यार्थी आहेत. त्यांत ९६ कृष्णवर्णीय आणि ९१ गोरे. ज्या राज्यात दोन वर्षांपूर्वी माणसांची खरेदी-विक्री कायदेशीर होती, तिथली ही हजेरी आहे.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. वर्गात एकत्र बसले म्हणजे मने एकत्र आली असे नाही, हे त्या मंडळींना ठाऊक असावे. १८७२ साली कॉलेजच्या विश्वस्तांपुढे प्रश्न आला, की काळ्या-गोऱ्या तरुण-तरुणींनी एकमेकांसोबत ऊठबस केली तर चालेल का? विश्वस्तांनी काही अटी घालून ती मान्य केली. हे साल लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येणार आहे.

काळ बदलला. १८९२ साली विल्यम फ्रॉस्ट हे अध्यक्ष झाले. त्यांचे लक्ष अपालाचियन डोंगरांतल्या गरीब गोऱ्या मुलांकडे वळले. ती मुलेही खरोखरच दरिद्री आणि शिक्षणावाचून राहिलेली होती, त्यामुळे या वळणात वाईट असे काही वरवर दिसत नव्हते. पण संख्येचा समतोल ढळला आणि कृष्णवर्णीय विद्यार्थी आपल्याच कॉलेजात थोडे झाले. याच काळात, १९०३ साली, कार्टर वुडसन नावाचा तरुण तिथून पदवी घेऊन बाहेर पडला. आईबाप गुलामगिरीत जन्मलेले, स्वतः कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस पुढे हार्वर्डचा डॉक्टरेट झाला आणि १९२६ साली त्याने कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह सुरू केला. आज अमेरिकेत फेब्रुवारीचा सबंध महिना त्या इतिहासाला वाहिलेला असतो, त्याचे मूळ हे. वुडसन एक-दोन वर्षे उशिरा आला असता तर बेरियाची पदवी त्याला मिळाली नसती.

कारण १९०४ साली केंटकीच्या विधिमंडळात कार्ल डे या सदस्याने विधेयक आणले. कोणत्याही शाळा-कॉलेजात, मग ते खाजगी का असेना, गोऱ्या आणि काळ्या विद्यार्थ्यांना एकत्र शिकवणे हा गुन्हा ठरवण्यात आला. संस्थेला हजार डॉलर दंड, शिकवणाऱ्यालाही दंड, आणि बसणाऱ्या विद्यार्थ्यालासुद्धा दंड. संस्थेला दोन शाखा काढायच्या असतील तर त्यांच्यात किमान पंचवीस मैलांचे अंतर हवे, अशीही तरतूद होती. साऱ्या राज्यात असे मिश्र कॉलेज एकच होते. म्हणजे नाव न घेता कायदा बेरियासाठीच केलेला होता.

बेरिया न्यायालयात गेली. खालच्या न्यायालयाने हजार डॉलर दंड केला. राज्याच्या वरच्या न्यायालयाने पंचवीस मैलांची तरतूद तेवढी रद्द केली, बाकी कायदा राखला. १९०८ साली सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. युक्तिवाद मोठा चतुर होता: कॉलेज हे नोंदणीकृत मंडळ आहे, मंडळाला जन्म राज्य देते, तेव्हा त्याच्या सनदेत बदल करण्याचा अधिकारही राज्याला आहे. माणसाच्या हक्काचा प्रश्न असा कागदाच्या हक्कात बुडवून टाकण्यात आला. दोन न्यायाधीश या निकालाशी सहमत नव्हते. त्यांतले जॉन हार्लन हे स्वतः केंटकीचे आणि गुलाम बाळगणाऱ्या घरातले. त्यांनी विरोधी निकालपत्रात विचारले, की आज हे चालले तर उद्या रविवारच्या धर्मशाळेत, चर्चमध्ये, प्रभुभोजनाच्या टेबलापाशी काळ्या-गोऱ्यांनी एकत्र यायचे नाही, असाही कायदा सरकार करील. मग त्याला काय उत्तर द्याल? त्या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही.

बेरियाने कायदा पाळला. गोरे विद्यार्थी कॉलेजात राहिले आणि कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बाहेर जावे लागले. त्यांनी इतर संस्थांत शिकावे म्हणून कॉलेजने खर्च उचलला, त्यांच्यासाठी पैसा उभा केला आणि शेल्बी परगण्यात लिंकन इन्स्टिट्यूट ही वेगळी संस्था १९१२ साली उघडली. पण ज्यांना जावे लागले त्यांतल्या अनेकांना, आणि जुन्या कृष्णवर्णीय माजी विद्यार्थ्यांनाही, हे बोचले. दोघांपैकी एकालाच ठेवता येईल अशी वेळ आली, तेव्हा घर कोणाला मिळाले आणि प्रवासखर्च कोणाला, हे त्यांना स्पष्ट दिसत होते. संस्थापक फी १९०१ सालीच वारले होते. हा दिवस त्यांना पाहावा लागला नाही. १९५० साली केंटकीने कायद्यात दुरुस्ती करून उच्च शिक्षणापुरती बंदी उठवली आणि बेरियाने लगेच दार उघडले. तरी पहिल्या वर्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच कृष्णवर्णीय विद्यार्थी आले. दार बंद करायला एक कायदा पुरला होता. उघडल्यावर माणसांनी पुन्हा विश्वासाने आत यायला मात्र बराच वेळ लागला.

आता दुसरी गोष्ट. बॉब जोन्स हे नावाजलेले धर्मोपदेशक. त्यांनी १९२७ साली फ्लोरिडात कॉलेज काढले. १९४७ पासून ते दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिल शहरात आहे. संस्था कडव्या श्रद्धेची, शिस्तीची. १९६० च्या ईस्टरच्या दिवशी संस्थापकांनी रेडिओवरून व्याख्यान दिले. विषय होता, वंशांना वेगळे ठेवणे बायबलला धरून आहे का? त्यांचे उत्तर होकारार्थी होते आणि त्यांचा आधार होता आपण सुरुवातीला पाहिलेलेच वचन. देवाने सीमा आखल्या आहेत, त्या पुसणारे देवाच्या विरुद्ध जातात, असे त्यांनी सांगितले. पूर्वार्ध त्यांनी नाकारला नाही. एक रक्त आहे हे मान्य, पण म्हणून एकत्र बसायचे कारण नाही, असा त्यांचा रोख होता.

१९७१ पर्यंत या विद्यापीठात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. १९७० साली अमेरिकेच्या कर खात्याने जाहीर केले होते, की वंशभेद करणाऱ्या खाजगी शिक्षणसंस्थांना धर्मादाय म्हणून करमाफी मिळणार नाही. त्यानंतर १९७१ साली दार किलकिले झाले: आपल्याच वंशात लग्न झालेल्या कृष्णवर्णीयांना प्रवेश. १९७५ साली अविवाहितांनाही घेऊ लागले, पण सोबत नियम आला, की दोन वंशांच्या तरुण-तरुणींनी एकमेकांसोबत फिरायचे नाही, लग्न करायचे नाही. नियम मोडणाऱ्याला काढून टाकण्यात येईल. १९७६ साली करमाफी रद्द झाली. विद्यापीठाने एका कर्मचाऱ्यापोटी एकवीस डॉलर कर भरला आणि तो परत मिळावा म्हणून दावा लावला. सरकारने उलट जवळजवळ चार लाख नव्वद हजार डॉलरची मागणी केली. एकवीस डॉलरचे हे भांडण १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. आठ विरुद्ध एक अशा बहुमताने न्यायालय म्हणाले, की शिक्षणातला वंशभेद नाहीसा करणे हे राष्ट्राचे मूलभूत हित आहे; त्याच्या उलट वागणाऱ्या संस्थेला समाजाने करमाफीच्या रूपाने मदत करावी असे बंधन समाजावर नाही. श्रद्धा बाळगण्याचे स्वातंत्र्य तिला राहीलच.

विद्यापीठाने नियम तेव्हाही सोडला नाही. कर भरला आणि नियम पाळला. मार्च २००० मध्ये, एका राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या भेटीवरून देशभर गदारोळ उठल्यावर, तो नियम मागे घेतला गेला. २००८ साली संस्थेने आपल्या जुन्या वंशविषयक धोरणाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. बेरियाच्या विश्वस्तांनी १८७२ साली जी ऊठबस मान्य केली होती, ती इथे मान्य व्हायला २००० साल उजाडले. मध्ये १२८ वर्षे गेली. काळ आपोआप माणसाला शहाणा करतो असे ज्यांना वाटते, त्यांनी ही वजाबाकी करून पाहावी.

आता मूळ प्रश्न. दोघींचा युक्तिवाद जवळजवळ एकच असताना माझे मन बेरियाच्या बाजूने आणि बॉब जोन्सच्या विरोधात का जाते? निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न असेल तर त्याला नीती म्हणता येणार नाही. उद्या कोणी उलट आवड घेऊन आला, तर त्याला मी काय सांगणार?

पहिले उत्तर सुचते ते कायद्याचे. कायदा पाळणारा बरोबर, मोडणारा चूक. पण १९०४ साली कायदाच वंशभेदाच्या बाजूला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला होता. कायद्याला नीतीची मोजपट्टी मानले तर बेरिया दोषी ठरते.

दुसरे उत्तर प्रामाणिकपणाचे. श्रद्धा मनापासूनची असेल तर तिचा मान राखावा. पण बॉब जोन्सची मंडळी ढोंगी होती असे म्हणायला आधार नाही. ढोंग्याने करमाफी वाचवण्यासाठी नियम कधीच सोडला असता. त्यांनी कर भरणे पत्करले. माणूस चुकीच्या गोष्टीवरही प्रामाणिक असू शकतो, ही नीतिशास्त्रातली सर्वांत गैरसोयीची गोष्ट आहे.

तिसरे उत्तर, जे आपल्याकडे नेहमी दिले जाते, ते खाजगीपणाचे. आपल्या पैशाने चालवलेल्या घरात कोणाला बोलवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण शाळा म्हणजे घर नव्हे. शाळेला समाज जागा देतो, करमाफी देतो, तिच्या पदवीला मान देतो. शाळेचा दाखला गावभर चालतो. जी गोष्ट गावभर चालते, ती निव्वळ घरातली राहत नाही.

मला जे उत्तर पटते ते असे. संस्थेचे स्वातंत्र्य ही स्वयंभू किमतीची गोष्ट नाही. ते कशासाठी वापरले जाते आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिल्यावाचून त्याची बाजू घेता येत नाही. बेरियाने स्वातंत्र्य मागितले ते दार उघडे ठेवण्यासाठी. ते मिळाले असते तर कोणाचे नुकसान होते? ज्याला काळ्यांशेजारी बसायचे नव्हते त्याला साऱ्या राज्यातली इतर कॉलेजे मोकळी होती. बॉब जोन्सने स्वातंत्र्य मागितले ते दार बंद ठेवण्यासाठी, आणि त्याची किंमत मोजणारा दाराबाहेर उभा होता. संस्थेच्या सभेत त्याला मत नव्हते, न्यायालयातल्या दाव्यातही तो पक्षकार नव्हता. ज्याची किंमत दुसऱ्याने, तेही न विचारता मोजायची, त्या स्वातंत्र्याला मी स्वातंत्र्य म्हणायला तयार नाही. त्याला अधिकार गाजवणे म्हणतात.

आणखी एक कसोटी यातूनच निघते. प्रत्येक संस्थेला अटी असतातच. अटींवाचून संस्था चालत नाही. पण अटी दोन जातींच्या असतात. एक अट माणसाला पुरी करता येते: अमुक विषय शिका, अमुक भाषेत शिका, पहाटे उठा, काम करा. बेरियात प्रत्येक विद्यार्थ्याला काम करावे लागते आणि शिक्षणशुल्क घेतले जात नाही. ही अट कडक आहे, पण ती कोणीही पुरी करू शकतो. दुसरी अट जन्माबरोबर पुरी झालेली असते, किंवा जन्मभर पुरी होत नाही. पहिली अट माणसाला बोलावते आणि काही मागते. दुसरी त्याला फक्त परत पाठवते.

हा प्रश्न आपल्या मुलखातही त्याच सुमारास उभा राहिला होता, हे फार थोड्यांना माहीत असते. बेरियाची शाळा निघाल्याच्या पुढच्याच वर्षी, १८५६ च्या जूनमध्ये, बेळगावपासून हाकेच्या अंतरावरच्या धारवाडात एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. तो नाकारला गेला. मुंबई सरकारने त्याच्या अर्जावर जे उत्तर दिले त्याचा मथितार्थ असा, की न्याय मुलाच्या बाजूला आहे, पण एकट्यासाठी दार उघडले तर बाकीचे शाळा सोडतील आणि शाळाच निरुपयोगी होईल. प्रकरण कलकत्त्यापर्यंत आणि पुढे विलायतेत कंपनीच्या संचालकांपर्यंत गेले. अखेर १८५८ साली मुंबई सरकारने जाहीर केले, की संपूर्ण सरकारी खर्चाच्या शाळा सर्वांना खुल्या राहतील. आणि ज्या शाळांना थोडी सरकारी मदत मिळते, त्यांनी जात किंवा वंशावरून कोणाला शिक्षण नाकारले तर मदत बंद करण्याचा हक्क सरकार राखून ठेवत आहे. अमेरिकेच्या कर खात्याला १९७० साली जो उपाय सुचला, तो धारवाडच्या त्या मुलामुळे आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे आधी कागदावर आला होता. कागदावर, असे म्हणायचे कारण पुढे कित्येक वर्षे अस्पृश्यांची मुले शाळेत आली तरी ओसरीवर बसली. बाबासाहेब आंबेडकरांनी साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसून शिक्षण घेतले. शाळा खुली होती आणि जागा वेगळी होती. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केले, तेव्हा त्यांना हा सारा संबंध दिसत होता. आपले लोकही त्यांचा कित्ता गिरवतील, ही आशा त्यांनी तिथेच व्यक्त केली.

आता आपल्या दाराशी येतो. आपण सीमाभागातले मराठी लोक भाषेने अल्पसंख्य आहोत. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला आपल्या शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला आहे. तो हक्क नसता तर आपली मुले आज आजीचे पत्र वाचू शकली नसती. हे स्वातंत्र्य बेरियाच्या जातीचे आहे: बळकटाने मिटवू पाहिलेले काहीतरी जिवंत ठेवण्यासाठी. पण त्याच घटनेचे एकोणतिसावे कलम असेही सांगते, की सरकारी मदत घेणाऱ्या शाळेने केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणाला प्रवेश नाकारू नये. दोन्ही कलमे शेजारी-शेजारी आहेत. आपण तिसावे पाठ करतो.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेच्या बैठकीत हा विषय निघाला. शाळेशेजारच्या वसाहतीतल्या एका कन्नड कुटुंबाला आपली मुलगी मराठी माध्यमात घालायची होती. आई दोन घरची धुणीभांडी करी. शाळा जवळ, बस भाडे वाचते, एवढाच तिचा हिशेब. एका ज्येष्ठ सभासदांनी विरोध केला. “ही शाळा आपल्या मुलांसाठी बांधली आहे, सर. उद्या आपण पाहुणे ठरू.” त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यांच्या वडिलांनी शाळेसाठी दारोदार हिंडून वर्गणी गोळा केली होती, आणि त्यांची भीती मला समजत होती. मी एवढेच म्हणालो, “तात्या, मराठीत शिकायचे ही आपली अट. ती मुलगी ती पुरी करायला तयार आहे. याहून आपण तिच्याकडे काय मागायचे?” बराच वेळ चर्चा झाली आणि मुलीला प्रवेश मिळाला. ती दहावीला मराठीत वर्गात दुसरी आली. पण ती नापास झाली असती तरी माझे म्हणणे तेच राहिले असते. माणसाला आत घेण्याचे समर्थन त्याच्या गुणपत्रिकेवर अवलंबून ठेवले, की आपण पुन्हा त्याच्याकडून दाराचे भाडे वसूल करू लागतो.

मराठी माध्यम ही पहिल्या जातीची अट आहे. ‘मराठी घरातलेच’ ही दुसऱ्या जातीची. पहिली भाषा वाढवते. दुसरी भाषेला रक्ताची गोष्ट करून टाकते, आणि मग ती भाषा शाळेत शिकवण्याची गरजच काय?

दार उघडले म्हणजे काम संपले, असेही नाही. बॉब जोन्स विद्यापीठाचे दार १९७१ ते २००० या काळात टप्प्याटप्प्याने उघडत गेले आणि आत मात्र रेषा आखलेली राहिली. आमच्या शाळेत दुपारच्या आहाराची पंगत बसते. रांगेत उभे राहताना मुले मिसळलेली असतात. ताटे घेऊन खाली बसली, की हळूहळू वस्तीवस्तीप्रमाणे कोंडाळी होतात. त्यांना कोणी सांगितलेले नसते. सहाय्यक शिक्षकांना मी सांगतो, की पंगतीत उभे राहू नका, बसा. आणि रोज वेगळ्या कोंडाळ्यात बसा. या बारीक गोष्टीसाठी कोणताही कायदा करता येणार नाही. कायदा दारापर्यंत येतो. दारापासून पंगतीपर्यंतचे अंतर माणसांनाच चालावे लागते.

मग सक्तीने आलेल्या समतेला नैतिक किंमत असते का, असे कोणी विचारील. बॉब जोन्स विद्यापीठ बदलले ते कर, न्यायालय आणि लोकलज्जा यांच्या दबावाने. मनापासून नव्हे, असे म्हणता येईल. असेलही. सक्तीने बदललेल्याच्या खाती पुण्य जमा होते की नाही, हा त्याचा आणि त्याच्या देवाचा व्यवहार आहे. दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलाला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याचे शिकण्याचे वय निघून चाललेले असते. १९०४ ते १९५० ही शेहेचाळीस वर्षे बेरियातल्या लोकांच्या मनातली श्रद्धा कदाचित शाबूत होती. पण त्या वर्षांत जी कृष्णवर्णीय मुले तिथे शिकू शकली नाहीत, त्यांच्या हाती ती श्रद्धा आली नाही. मन पालटेपर्यंत थांबा, हे सांगणे सोपे असते ते नेहमी आत बसलेल्याला.

पौलाचे ते वचन मी पुन्हा पुरते वाचतो, तेव्हा मला त्यात विरोध दिसत नाही. सीमा असतात. आपण सीमाभागातले लोक ते कसे नाकारणार? भाषेच्या, गावाच्या, आठवणींच्या सीमा आपण जपतो आणि जपाव्यातही. त्या जपायचा अधिकार मात्र पूर्वार्धातून येतो. सगळे एकाच रक्ताचे आहेत म्हणूनच माझ्या भाषेला तुझ्या भाषेइतका मान आहे, असे मी म्हणू शकतो. पूर्वार्ध सोडून नुसता उत्तरार्ध हाती धरला, की माझ्या सीमेचे समर्थन करायला माझ्याकडे बळाखेरीज काहीच उरत नाही. आणि बळाच्या हिशेबात आपण अल्पसंख्य कुठे असतो, हे या भागातल्या वाचकांना मी सांगायला नको.

पुढच्या जूनमध्ये प्रवेश सुरू होतील. कोणी अनोळखी बाई मुलाचा हात धरून कार्यालयाच्या दारात उभी राहील आणि मोडक्या मराठीत विचारील. तिला काय उत्तर द्यायचे ते संस्थेच्या पुढच्या सभेवर ढकलू नये. ते आत्ताच, दिवाळीच्या सुटीत, शांतपणे ठरवून ठेवावे.